मे महिन्यात थेरपी बंद ठेवावी का?
मुलाला उन्हाळी शिबिर लावलंय तर मे महिन्यात त्याची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. पूर्ण थांबवू नका, हवं तर आठवड्यातले दिवस कमी करा. शाळेला सुट्टी लागली की आमच्या लेकाची झोपच बिघडते. त्यात ओळखीच्या थेरपिस्ट ताईही दिसेनाशा झाल्या तर जून फार जड जातो.

शिबिरात पाण्याचे खेळ असतील तर कोरडे कपडे हाताशी ठेवायला सांगा. आमचा रडायचा तो ओला शर्ट अंगाला चिकटतो म्हणून, पाण्याला घाबरून नव्हे! गोंगाट असह्य झाला तर बसायला शांत खोली आहे का, हे फी भरण्याआधी बघाच.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना जरूर बघा. १ लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीही येते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र लागतं.