लांडोर, पिसारा, मोरचूद: 'मोर' कुठे आहे आणि कुठे नाही

तापीकाठ: राम राम मंडळी. चौथीच्या वर्गासाठी पक्ष्यांचे तक्ते करायचे आहेत. 'लांडोर' लिहावं की 'मादी मोर'? काहींना त्यातला 'लांडा' खटकतो. आणि मोराच्या चित्राला बाण काढून 'शेपूट' लिहायचं की 'पिसारा'?

सातपुडा: लांडोरच लिहा, ताई. लांडा म्हणजे आखूड किंवा तुटक्या शेपटीचा: लांडा बैल, लांडं कुत्रं. लांडा आणि मोर जोडले, मधला 'म' गळाला. ही शिवी नव्हे, बघून केलेलं वर्णन आहे. 'मोरनी' हिंदीतून आली, ती सोडा.

बाण मात्र दोन लागतील. पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. खरी शेपटी 20 आखूड, तपकिरी पिसांची. तिच्यावर पांघरलेली पिसं वाढत जाऊन पिसारा होतो, पुऱ्या वाढलेल्या मोरात साधारण 150 ते 200 पिसांचा. तो उभारला की मागून टेकू देते ती शेपटी. म्हणून मोर पाठमोरा काढलात तरच शेपूट दिसेल. समोरून काढलेल्या चित्रात तो बाण खोटा ठरतो.

आणखी एक. पावसाळा सरत आला की पिसारा गळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतात दिसणारा बिनपिसाऱ्याचा पक्षी लांडोरच असेल असं नाही. मान बघा. छातीपर्यंत गडद निळी असेल तर मोर. लांडोरीच्या मानेवर हिरवट झाक असते, पोट पांढुरकं असतं. तुरा दोघांनाही असतो, त्यावरून ठरवू नका.

गिरणाकाठ: हाई बराबर शे भाऊ. पण तक्त्यावर 'मोरपंख' येऊ देऊ नका. मराठीत पंख म्हणजे उडायचा अवयव. मोराला पंख दोनच. गळून पडतं ते पीस, म्हणून मोरपीस. आपल्याकडे खानदेशात एका बाजूने हिंदी आणि दुसऱ्या बाजूने गुजराती, त्यामुळे बाजारात 'मोरपंख' आणि 'मोरपिच्छ' दोन्ही ऐकू येतात. बोलताना चालतील, तक्त्यावर नको. 'मोरपंखी' हा रंग मात्र मराठीत पक्का बसलाय, त्याला हात लावू नये. आणि 'वेडंपिसं'मधलं पिसं वेगळं. ते पिशाचाकडून आलं, पिसाट त्याच घरातला.

मुलांना एक गंमत दाखवा. पिसाचा डोळा उन्हाकडे पाठ करून बघायचा, मग तेच पीस उजेडासमोर धरायचं. निळा-हिरवा जातो, तपकिरी उरतो. कारण त्यात निळा रंग नसतोच. तंतूंमधल्या काळपट कणांची मांडणी इतकी बारीक असते की त्यावरून परतणारा उजेडच निळा दिसतो.

चाळीसगावकर: 'मयूर'चा अपभ्रंश होऊन 'मोर' झाला, असं कुणी आजकालचं बिघडलेलं रूप असल्यासारखं सांगतं तेव्हा हसू येतं. अशोकाच्या गिरनारच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या स्वयंपाकघरात रोज मारल्या जाणाऱ्या प्राण्यांचा हिशेब आहे: 'द्वो मोरा एको मगो', दोन मोर आणि एक हरीण. म्हणजे 'मोर' सव्वादोन हजार वर्षं असाच आहे.

मोरे आडनावाचं देवक मोरपीस. मोरे मंडळी मौर्यांशी नातं सांगतात. ते सिद्ध होवो न होवो, आपल्या तालुक्यात वाघळीला मौर्य म्हणवणाऱ्या गोविंदराजाचा शके 991 चा, म्हणजे इ.स. 1069 चा लेख आहे. पाटलिपुत्राच्या मौर्यांनंतर साडेबाराशे वर्षांनी, थेट गिरणेच्या खोऱ्यात!

तापीकाठ: मग मोरावळा, मोरी, मोरचूद?

चाळीसगावकर: मोरावळा म्हणजे मुरलेला आवळा, मोर नाही. न्हाणीतली मोरी फारसी. आंब्याचा 'मोर' हा मोहोर, मूळ मुकुल, म्हणजे कळी. मोरचुदात, म्हणजे तांब्याच्या त्या निळ्या खड्यांत, मात्र खरा मोर आहे. संस्कृतात मोरचुदाला 'शिखिग्रीव' म्हणजे मोराची मान असंही म्हणतात.

शेतीवाला: मोरचूद निघालंच आहे तर: लिंबू-मोसंबीच्या खोडाला लावायच्या बोर्डो मलमाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादली घेतली की तांबं तिच्यावरच बसतं आणि औषध कमजोर होतं. तयार मिश्रणात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी वाढवा. केलेलं त्याच दिवशी संपवा.

सातपुडा: ताई, तक्त्यावर खरं पीस चिकटवणार असाल तर आपसूक गळलेलंच घ्या. मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गळलेलं पीस देशात बाळगता येतं, परदेशी धाडता येत नाही. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीत सोंग घेऊन नाचणाऱ्या बुध्यांच्या टोपावर मोरपिसं डुलतात, तिथेही लोक विचारतात, आणली कुठून. ओळख देठाच्या बुडाशी असते. गळलेल्याचं टोक कोरडं, निमुळतं, पांढरं असतं. उपटलेल्याला वाळलेलं रक्त किंवा कातडीचा तुकडा चिकटलेला असतो. देठ कापून विकत असतील तर घेऊच नका, कापतात ते हे बूड लपवायला.

तापीकाठ: मग देठ झाकणार नाही. खाली बाण काढून लिहिते: 'गळलेलं मोरपीस'.