शेवटचा पिक्चर कुठला पाहिलात? आणि खरं सांगा, कसा वाटला?

दादरकर

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबे उघडता उघडता विषय निघाला की थेटरात जाऊन शेवटचा मराठी पिक्चर कोणी कुठला बघितला, तर सात जणांतल्या तिघांनी सैराट सांगितला. २०१६चा! म्हणून म्हटलं इथे विचारावं. एकच विनंती, स्टोरी सांगत बसू नका, ती सगळीकडे मिळते. कुठे बघितला, कोणाबरोबर आणि घरी येताना डोक्यात काय राहिलं ते लिहा. नाही आवडला तर तसंही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. 'आता थांबायचं नाय' मी प्लाझाला आईला घेऊन बघितला. महापालिकेच्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी केली त्या खऱ्या गोष्टीवर आहे. माझे बाबा तीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होते. पहाटे चौकीवर हजेरी, दुपारी घरी आले की आधी मोरीत आंघोळ, मग कोणाला हात लावायचा, हा नियम त्यांनी स्वतःच घातलेला. पिक्चरमध्ये भरत जाधव, सिद्धार्थ जाधव पुस्तकं घेऊन बसतात तेव्हा आई अंधारात हळूच म्हणाली, तुझे बाबा सही शिकले ती पगाराच्या रजिस्टरसाठी, आंगठा लावायची लाज वाटायची त्यांना. मला हे माहीतच नव्हतं! पुढचा अर्धा तास पडद्यावर काय झालं मला सांगता येणार नाही.

आता तक्रार. आशुतोष गोवारीकरांचा साहेब फारच गोड आहे. असा साहेब बाबांना तीस वर्षांत एकदाही भेटला नाही. पण आईला तो पटला, तर मी कोण.

मालवणी माणूस, सध्या भांडुप

'दशावतार'. घरातले अकरा जण, दोन रिक्षा आणि एक स्कूटर. प्रभावळकरांबद्दल काय बोलायचं, ८१ वर्षांचा माणूस त्या वेशात, त्या जंगलात. त्यांच्यासाठी तिकीट वसूल.

पण इंटरव्हलनंतर मला जरा जड गेला. आवाज इतका, मारामारी इतकी, की ज्या गोष्टीसाठी गेलो होतो ती मागे पडली असं वाटलं. मला दशावतार म्हणजे जत्रेची रात्र आठवते. देवळामागे पेट्रोमॅक्स नाहीतर उघडा बल्ब, नट आपापल्या ट्रंकेवर बसलेले, एका हातात छोटा आरसा आणि दुसऱ्या हाताने स्वतःच तोंड रंगवतायत. लिहिलेली संहिता नाही, कथा ठरलेली, बाकी भाषणं उभ्या उभ्या. दिवसा कोणाच्या बागेत काम करणारा माणूस रात्री राजा होतो आणि पहाटे पुन्हा चहाच्या टपरीवर, कानामागे रंग तसाच. असं अजून बघायला मिळालं असतं तर मी दोनदा गेलो असतो.

आमच्या काकांना विचारा तर ते म्हणतात तुका काय कळता. बाहेर आल्यावर ते रडत होते आणि काकी त्यांना, 'रडतास कित्याक, घराक चला.' खाणीचा विषय आहे ना त्यात, डोंगर पोखरून काढायचा, तो आमच्याकडे नुसता पिक्चरचा विषय नाही.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव नको. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आमच्या वॉर्डातली केरळची सिस्टर घेऊन गेली मला, नाईट संपवून सकाळच्या शोला, दोघी अर्ध्या झोपेत. पायल कपाडियाला कान्सला २०२४मध्ये ग्रां प्री मिळालं, पेपरात मोठे फोटो आले, आणि आमच्या शोला मोजून चौदा माणसं. त्यातला एक तर एसीत झोपायलाच आला होता.

त्यात ती नर्स रात्री स्वयंपाकघरात खाली बसून नवऱ्याकडून आलेला राईस कुकर मिठीत घेते. कुकर! शेजारची लगेच ढसाढसा रडायला लागली, तिचा नवरा चार वर्षं गल्फमध्ये आहे, मी तिचा हात धरला पण मला स्वतःला रडू आलं ते छाया कदमच्या वेळी, वर्षानुवर्षं राहतेय त्या खोलीचा एक कागद तिच्याकडे नाही म्हणून बिल्डर तिला उठवतो आणि ती शेवटी रत्नागिरीकडे गावी जाते. माझ्या मावशीचं लोअर परळला असंच झालं. काकांचा मिलचा पास होता, रेशनकार्ड होतं, खोलीचा कागद तेवढा नव्हता.

स्लो आहे हं, आधीच सांगते. मुंबई मात्र अशी दिसते की बाबा ही आपलीच ट्रेन, हाच तो पावसाने ओला झालेला प्लॅटफॉर्म. मरीन ड्राइव्ह, सी लिंक दाखवून मोकळे होतात लोक, तसं नाही.

ठाण्याचा

छावा. विकी कौशल जबरदस्त, शेवटची पंधरा मिनिटं थेटरात कोणी हललं नाही. गाणी मला रुचली नाहीत, रहमान असून. लेझीमच्या सीनवरून वाद झाला, तो काढून टाकला, त्यावर मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच की महाराजांचा पिक्चर हिंदीत आणि आम्ही तो हिंदीत बघून जयजयकार मराठीत करतो.

चंद्रपूर ते कांदिवली

मी 'स्थळ' पाहिला. मार्च २०२५मध्ये आला होता. मुंबईत पाहायचा म्हणजे आधी शोधा! माझ्या जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच शो, मंगळवारी दुपारी सव्वाबाराला. २०१५ साली ठरलं होतं ना की मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा, आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९, मग काय, सव्वाबारा नियमातच बसतं. हाफ डे टाकला. मॅनेजरला सांगितलं दाताचा डॉक्टर.

शूटिंग आमच्याकडचंच, डोंगरगावचं, आणि माणसं नट वाटतच नाहीत कारण बहुतेक जण नटच नाहीत. सुरुवातीला ती पोरगी स्वप्न पाहते की बाया बसल्या आहेत आणि पोराला मधात बसवून प्रश्न विचारून राहिल्या. थेटरात आम्ही सहा बायका होतो, ओळख ना पाळख, सगळ्या एकदम हसलो. नंतर मात्र तेच प्रश्न तिला, पुन्हा पुन्हा, पोह्यांची प्लेट तीच, मग हसणं हळूहळू बंद झालं.

माझ्या मोठ्या बहिणीला एकोणीस स्थळं आली. एका ठिकाणच्या बाईने तिला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभी राहून खांदे जुळवून पाहिले. चप्पल काढायला लावली होती आधी. ती भिंत अजून आहे आमच्या घरी, निळी, तिथे आता कॅलेंडर लावलंय. पिक्चरमध्ये कापसाचा भाव आणि पोरीचा भाव बाजूबाजूने ठेवलेत, कोणी भाषण देत नाही. मला काहीच खटकलं नाही, सॉरी, एखादी तरी तक्रार करायला हवी होती.

गिरगाव सोडलेला

वरच्या ताईंचं सव्वाबाराचं वाचून हसू आलं आणि रागही. चित्रा होतं तोवर दादरला उतरून बघू कुठला लागलाय असं करता यायचं. ते २०१९ला बंद झालं. आता लालबागला भारतमाता आहे म्हणून बरं. तिथे शेजारचा अनोळखी माणूस इंटरव्हलला विचारतो, काय वाटतंय, खुनी कोण? 'वाळवी'ला विचारलं होतं मला, आणि तो काही रहस्यपट नाही, खून कोण करतंय ते पहिल्यापासून माहीत असतं, गंमत पुढे आहे. मी त्यांना म्हटलं काका, तुम्ही झोपला होतात का? तर म्हणे हो थोडा.

चेंबूर

लिहू की नको करत होतो. 'साबर बोंडं'. एकटाच गेलो होतो.

बाप गेल्यावर मुंबईत काम करणारा मुलगा दहा दिवसांसाठी गावी जातो, एवढंच सांगतो. माझे वडील जाऊन आठ महिने झाले होते. आमच्याकडेही तेच, अनवाणी फिरायचं, पलंगावर झोपायचं नाही, आणि येणारा प्रत्येक जण सांत्वन दोन मिनिटं करणार आणि मग लग्नाचं काय केलंस म्हणून विचारणार. उत्तर माझ्याकडे आहे, सांगता येत नाही. पिक्चरमधल्या आईला मुलाचं सगळं ठाऊक असतं. ठाऊक असून ती त्याच्या बाजूने उभी असते. हे बघून मला आनंद झाला की हेवा वाटला ते अजून ठरलेलं नाही.

पार्श्वसंगीत नाहीच. त्यामुळे थेटरातला एसी ऐकू येतो, मागच्या माणसाचा पॉपकॉर्न ऐकू येतो. माझ्या रांगेतले दोघं इंटरव्हलला गेले ते परत आले नाहीत. जानेवारी २०२५मध्ये सनडान्सला ज्युरींचं मोठं बक्षीस मिळालेला पिक्चर आहे, पण मी जे पाहिलं ते बक्षिसाचं वाटत नव्हतं, आमच्या गावच्या ओट्यावरचं वाटत होतं.

बाहेर आल्यावर आईला फोन केला. काय जेवलीस, एवढंच विचारलं.

दादरकर

चेंबूर, बरं झालं लिहिलंत.

आईला सगळं वाचून दाखवलं. स्थळच्या भिंतीपाशी तिने मला थांबवलं आणि तिला बघायला आलेल्यांनी तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला होता ते सांगितलं, डोळे नीट आहेत ना ते बघायला. मग म्हणाली तो दहा दिवसांचा पिक्चर बघायचाय. म्हटलं आई, आता तो थेटरात नसेल, मोबाईलवर कुठे मिळतो का बघतो. तर म्हणे मोबाईलवर नको, त्यात माणसं बोटाएवढी दिसतात.

कोणाला कुठे शो दिसला तर सांगा. सव्वाबाराचा असला तरी चालेल, ती रिटायर्ड आहे.