घराण्यात नाही म्हणून निर्धास्त?
"आमच्या घराण्यात कोणालाच कर्करोग नाही, मग मला कशाला होईल" हा इथल्या कर्करोगावरच्या चर्चेत कोणीतरी मांडलेला मुद्दा पटला नाही. थेट वारशाने येणारे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच. बाकीच्यांत जनुकांतले बिघाड जन्मानंतर साठत जातात. एका बिघाडाने सहसा गाठ होत नाही. पेशींच्या वाढीला जोर देणारी जनुकं बेलगाम व्हावी लागतात आणि पी५३सारखी आवर घालणारी निकामी. म्हणून तर वर्षानुवर्षं काही कळत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू हेच साधतो: त्याचं ई६ प्रथिन पी५३ला संपवतं, ई७ आरबी या आवर घालणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला अडवतं. त्यावरची सर्व्हाव्हॅक लस आपल्या पुण्याच्या सीरमनेच बनवली आहे, ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. पण सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा कसली, तर प्लास्टिकच्या डब्यांची!

कर्वे रोडच्या धुराबद्दल लिहिणाऱ्यांचं बरोबर आहे. डिझेलचा धूर २०१२ पासून आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत आहे. मात्र त्याच गटात तंबाखू आहे आणि नुसती सुपारीसुद्धा. (हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.) सिग्नलला मास्क खाली करून सुपारी तोंडात टाकणारे महाभाग तर रोज दिसतात.