निघोजचे रांजणखळगे: पाणी आणि गोटे

निघोजजवळ कुकडी नदीच्या खडकाळ पात्रात रांजणासारखे खोल, गोल खड्डे आहेत, तेच रांजणखळगे. ते नुसत्या प्रवाहाच्या जोराने कोरले गेले असं म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. बेसाल्टसारख्या कठीण खडकावर निव्वळ पाण्याचं फारसं चालत नाही. खरं काम करतात ते पाण्यासोबत आलेले दगडगोटे आणि वाळू. खडकातल्या एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी गोटा अडकतो, पुराचा भोवरा त्याला गरगर फिरवतो आणि तळ, भिंती घासल्या जातात. गोटाही झिजतो, मग पुढच्या पुरात दुसरा येतो. मी उन्हाळ्यात गेलो होतो तेव्हा एका उथळ खळग्यात हात घातला, तर तळाशी गुळगुळीत गोल गोटे हाताला लागले. हत्यारं अजून कारखान्यातच होती!

आणखी एक मुद्दा म्हणजे गाळाचं, म्हणजे पाण्यासोबत येणाऱ्या वाळू-गोट्यांचं, प्रमाण. गोटे फार कमी असले तर घासायला काहीच नाही, आणि फार झाले तर तेच तळावर थर करून खडकाला झाकतात. झीज सर्वात जास्त होते ती या दोन्हींच्या मधल्या स्थितीत. वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. धरणात जाड गाळ अडतो, पूरही मंदावतात. त्यामुळे आज दिसणारे खळगे मुख्यतः धरणांच्या कितीतरी आधीच्या पुरांनी घडवलेले आहेत.