पगचा पट्टा घट्ट केला तर खोकतो, सैल केला तर निसटतो. कोणता घेऊ?

जुळेसोलापूर_पग
पग जातीचा कुत्रा आहे, नर, दोन वर्षांचा, वजन ९ किलो. गळ्यात एक इंच रुंदीचा चामडी पट्टा आणि त्यालाच दोरी. दोरी ताणली गेली की घशातून घरघर सुरू होते, कधी उलटी येईल असा ठसका लागतो. पट्टा एक भोक सैल केला की मागं रेटून डोकं बाहेर काढतो. सकाळी सहाला आणि रात्री जेवणानंतर फिरवते, विजापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांतून. भटकी कुत्री आणि दुचाक्या, दोन्ही भरपूर. आतून मऊ अस्तर असलेला पट्टा घेतला तर भागेल का? रुंदी किती हवी? हजार रुपयांपर्यंत तयारी आहे.

कंबरतलाव_फेरी
ताई, अस्तरानं भागणार नाही. मऊ पट्टा कातडीला मऊ लागतो, आत श्वासनळीवर दाब पडायचा तो पडतोच. रुंद पट्ट्यानं दाब पसरतो हे खरं, पण पगची मान इतकी आखूड असते की दीड इंची पट्टा वर जबड्याला आणि खाली छातीच्या हाडाला, दोन्हीकडं रुततो.

निसटण्यात बक्कलचा दोष नाही. गावठी कुत्र्याची मान कवटीपेक्षा बारीक असते, म्हणून पट्टा कानांमागं अडतो. पगची मान डोक्याएवढीच जाड, त्यामुळं पट्ट्याला अडायला जागाच नाही. तो अडावा म्हणून जेवढा आवळाल तेवढा घसा दाबला जाणार. तुम्ही म्हणता तो घट्ट-सैलचा घोळ म्हणूनच कुठल्याही गळपट्ट्यानं सुटायचा नाही, कितीही महागडा आणा.

दोरी छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावा. गळ्यात फक्त नाव आणि फोन नंबरचा बिल्ला असू द्या. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, पेकिनीज, बॉस्टन टेरियर, बॉक्सर, सगळ्या चपट्या तोंडांना हेच लागू. ओढल्यावर आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, फासाची दोरी यांतलं काहीही नको. नाकावरून जाणारा पट्टाही नको, तो बसायला नाकच पुढं आलेलं नसतं.

पशुवैद्य_सोलापूर
वरच्या उत्तराशी सहमत. कारण नीट कळलं की खरेदीत चूक होत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चपट्या तोंडात कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानानं कमी झालं नाही. नाकपुड्या चिंचोळ्या, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेत लोंबलेला, काही कुत्र्यांत श्वासनळीही अरुंद. एवढ्याशा वाटेनं हवा ओढायला जोर लावावा लागतो, त्या जोरानं आतलं अस्तर सुजतं आणि वाट आणखी बारीक होते. त्यात बाहेरून पट्ट्याचा दाब आला की तुम्ही ऐकता ती घरघर.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पगच्या डोळ्याची खोबण उथळ असते. गळपट्टा ओढला की डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेस ओढला तर तसा वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजलं गेलंय. पगचा डोळा मानेला जोराचा हिसका बसून खोबणीबाहेर येऊ शकतो. तसं झालंच तर डोळ्यावर ओला स्वच्छ कपडा धरा, आत ढकलू नका आणि तडक दवाखाना गाठा.

पट्टा बदलण्याआधी एक तपासणी घरी करा. गार खोलीत, पट्टा काढून, दहा मिनिटं तो स्वस्थ पडलेला असताना ऐका. तेव्हाही घरघर आहे का? झोपताना हनुवटी कशावर तरी टेकवून उंच ठेवतो का, बसल्या बसल्या झोपतो का? गाढ झोपेत छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा, ३० च्या आत हवी. यांतलं काही बिघडलेलं असेल तर नुसत्या हार्नेसनं काम होणार नाही. नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या, शस्त्रक्रियेनं वाट मोकळी करता येते आणि ती लहान वयात केलेली बरी.

अधूनमधून चारी पाय रोवून, मान ताणून नाकानं आत ओढल्यासारखा ‘खर्र खर्र’ आवाज काढत असेल तर ती उलटी शिंक. काही सेकंदांत आपोआप थांबते. पट्ट्याच्या ओढीनंही ती सुरू होते. त्या वेळी दोरी सैल सोडा, घसा हलक्या हातानं चोळा.

आणि वजन. पगचं ठरलेलं प्रमाण साधारण ६.३ ते ८.१ किलो. छातीच्या बाजूंवरून हात सपाट फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, दाबून शोधाव्या लागत असतील तर चरबी चढलीय. ती चरबी घशाभोवतीही चढते.

जुळेसोलापूर_पग
धन्यवाद डॉक्टर. स्वस्थ असताना आवाज नाही, झोपेत २२ मोजले. बरगड्या मात्र दाबल्यावरच लागतात. हार्नेस घ्यायचं नक्की. दुकानात तीन प्रकार बघितले: डोक्यातून घालायचा जाळीच्या कापडाचा बनियनसारखा, पाय आत ठेवून पाठीवर बक्कल लावायचा, आणि नुसत्या पट्ट्यांचा. दुकानदार ‘पगला स्मॉल’ म्हणून पहिला देत होता.

कंबरतलाव_फेरी
जातीवरून साइज ठरवू नका. दोन पगांच्या छातीत सहज दहा सेंटीमीटरचा फरक निघतो. शिंप्याची टेप घ्या, कुत्रा उभा असताना मोजा. पहिलं माप छातीचा घेर, पुढच्या पायांच्या मागं, जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं. दुसरं मानेच्या बुडाचा घेर, गळपट्ट्याच्या जागी नाही, त्याच्या खाली, जिथं मान खांद्यांना मिळते तिथं. टेप केसांवर टेकलेली हवी, दाबलेली नको. हार्नेस छातीच्या मापावर निवडायचा, आणि तुमचं माप त्याच्या कमी-जास्त होणाऱ्या पट्टीच्या मध्यावर आलं पाहिजे. छाती ५८ असेल तर ५० ते ६६ वाला घ्या. ४४ ते ५८ वाला बसेल, पण दोन किलो वाढला की काखेत कापायला लागेल.

आता प्रकार. डोक्यातून घालायचे पगसाठी बाद समजा. डोकं रुंद म्हणून भोक मोठं ठेवतात, मग ते गळ्याशी सैल राहतं. भोक लहान ठेवलं तर घालताना काठ डोळ्यांवरून घासत जातो. पगचे डोळे इतके बाहेर असतात की पापणी मिटायच्या आत कापड बुबुळाला लागतं. रोज दोनदा घालायचं म्हणजे वर्षाला सातशेच्या वर वेळा, ओरखडा उठायला एक वेळ पुरते. म्हणून मानेच्या पट्टीला स्वतःचं बक्कल हवंच.

समोरून बघितलं की पट्ट्या वाय अक्षरासारख्या दिसल्या पाहिजेत: दोन फाटे मानेच्या दोन बाजूंनी वर, एक खाली पुढच्या पायांमधून पोटाकडं. जिथं तिन्ही मिळतात तो सांधा छातीच्या पुढं आलेल्या हाडावर टेकला पाहिजे. बोटानं चाचपलं की ते गोटीसारखं हाड लागतं. सांधा त्याच्या वर असेल तर ओढ घशावर येते, मग गळपट्टा आणि हार्नेस यांत फरक तो काय राहिला? छातीवरून खांद्यांना आडवी जाणारी एकच पट्टी असलेले घेऊ नका, ती वर सरकते आणि पाऊलही अडवते.

शिहत्झू_सातरस्ता
पाय आत ठेवायचा प्रकार इतका वाईट नाही. डोक्याला काहीच लागत नाही, शिह त्झूचे केस अडकत नाहीत.

कंबरतलाव_फेरी
केसांचा मुद्दा मान्य. पण त्यात पट्टी कमी-जास्त करायला एकच जागा असते, छाती बरोबर बसवली की गळा सैल राहतो. पगसारखी पिंपासारखी छाती असली की मागं रेटून दोन्ही पाय काढून घेतो. ताईंचा पग आधीच ती युक्ती शिकलाय, त्याला नको. तुमचा रेटत नसेल तर चालू द्या.

बॅगशिलाई_अशोकचौक
मी पट्टी आणि बक्कलचं सांगतो, आमचं रोजचं काम तेच.

९ किलोच्या कुत्र्याला २० मिलिमीटर रुंद नायलॉनची पट्टी पुरे. २५ ची काखेत दुमडते. पट्टीची कड अंगठ्यानं घासून बघा, करवतीसारखी लागली तर ठेवून द्या, तीच काखेत साल काढते. ज्या कडीला दोरी अडकते ती सलग, वेल्डिंगनं जोडलेली हवी. नुसती वाकवून टोकं टेकवलेली कडी हिसक्यानं उघडते. लोहचुंबक लावून बघा, जोरात चिकटलं तर आत लोखंड आहे, मुलामा गेला की गंजणार. कडीजवळची शिवण चौकोन आणि आत फुली अशी हवी. एकेरी सरळ शिवण एका धाग्यावर उसवत जाते.

बक्कल घशाखाली नको, काखेतही नको. बरगडीच्या बाजूला किंवा मानेच्या कडेला. लावताना कातडीची घडी मध्ये येते, म्हणून आतून एक बोट घालून मग चाप दाबा.

कोणी टेरी टॉवेलचं अस्तर शिवून मागतात, सोलापुरात टॉवेलला तोटा नाही म्हणून. देऊ नका असं मीच सांगतो. टेरीचे फासे पाणी धरून ठेवतात आणि पायाचं नख त्यात अडकतं. जाळीचं कापड, तेही पातळ. फोमचा जाड थर उन्हाळ्यात अंगावर रजईच.

पशुवैद्य_सोलापूर
अस्तराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना, अंग गार होतं ते धापा टाकून, आणि पगचं नेमकं तेच यंत्र अधू. एप्रिल-मेमध्ये इथं ४२-४३ अंश नेहमीचंच. पाठ झाकणारा बनियनसारखा हार्नेस तेव्हा नको. डांबरावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्रा खाली सोडू नका. जीभ रुंद होऊन टोकाला वळली, हिरड्या गडद लाल किंवा निळसर झाल्या, तोंडाला घट्ट फेस आला की आधी हार्नेस काढा, सावलीत साधं पाणी अंगावर ओता, पंखा धरा, आणि दवाखान्यात आणा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो.

नवीपेठ_फ्रेंची
गोचिडांच्या पट्ट्याचं काय? तो तर गळ्यातच घालायचा असतो.

पशुवैद्य_सोलापूर
तो चालतो, कारण त्याला ओढ नसते. दोन बोटं आत जातील इतका सैल, उरलेलं टोक कापून टाका, लोंबतं राहिलं तर चावतात. दोरी त्याला कधीच नाही. मानेची घडी ओली असताना घालू नका, आठवड्यातून दोनदा खालची कातडी बघा, लाल दिसली तर काढा. घरात मांजर असेल तर घटक वाचून घ्या: डेल्टामेथ्रिन आणि पर्मेथ्रिन मांजराला विषारी.

बिल्ल्याचा पट्टाही घरात एकटा असताना काढून ठेवा किंवा ओढ पडल्यावर आपोआप सुटणाऱ्या चापाचा घ्या, पलंगाच्या कडेला अडकतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आणि दिवाळीत मात्र बिल्ला गळ्यात हवाच, आवाजानं पळालेलं कुत्रं त्याच्यामुळंच परत मिळतं. जमलं तर मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, बसवून घ्या.

जुळेसोलापूर_पग
मापं घेतली. छाती ५९, मानेचं बूड ४१. दोन बक्कलांचा, पट्ट्यांचा, वाय आकाराचा मिळाला, छाती ५२ ते ६८, मान ३६ ते ४६. घरात घालून बघितला. उभा असताना छान बसतो. चालायला लागला की पाठीवरची कडी डावीकडं सरकते, आणि मान खाली घालून हुंगायला लागला की समोरची पट्टी घशाकडं येते. परत करू का?

कंबरतलाव_फेरी
परत करू नका, माप बरोबर आहे, बसवायचं राहिलंय.

कडी सरकते म्हणजे दोन बाजूंच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या नाहीत. काढून जमिनीवर मध्यावर दुमडून ठेवा, डावी-उजवी टेपनं मोजा, दोन्ही सारख्या करा.

पट्टी घशाकडं येते कारण छातीचा पट्टा सैल आहे. तो पुढं सरकतो आणि समोरच्याला वर ढकलतो. कोपरामागं दोन-तीन बोटं जागा सुटेल इतका मागं घ्या आणि मग आवळा, बरगडीशी दोन बोटं सपाट जातील, उभी जाणार नाहीत, एवढा. मानेची पट्टी त्यानंतर लावायची, आधी नाही. मग पाठीवरच्या कडीला दोन बोटांनी मागं आणि जरा वर ओढा, तो उभा, बसलेला आणि मान खाली घातलेला असताना. तिन्ही वेळा घसा आणि पट्टी यांच्यात तुमचं एक बोट मोकळं फिरलं पाहिजे. मग समोर बसून हाक मारत दोरी पुढं ओढा, तो मागं रेटेल. कोपर पट्टीतून सुटतंय का बघा. ही परीक्षा घरात दार लावून, गल्लीत नाही.

दोरी १.२ ते १.५ मीटरची साधी घ्या, डबीत गुंडाळली जाणारी नको. तिचा ताण सतत राहतो, कुत्रा ओढायलाच शिकतो. तो ओढायला लागला की जागेवर थांबा, दोरी सैल पडली की लगेच काकडीचा तुकडा द्या आणि पुढं चला. वजनालाही काकडी बरी.

पहिले पाच दिवस दहा-दहा मिनिटंच. घरी आल्यावर काढून काखा, छाती आणि मानेच्या घड्या बोटांनी उघडून बघा. केस मोडलेले दिसले तर पट्टी अर्धं बोट मागं घ्या, लाल दिसलं तर दोन दिवस घालू नका. पावसात ओला झालेला हार्नेस सुकल्याशिवाय घालायचा नाही, घडीत बुरशी धरते.

जुळेसोलापूर_पग
डावी पट्टी दीड सेंटीमीटर लांब निघाली. सारखी केली, छातीचा पट्टा मागं घेऊन आवळला. मान खाली घातल्यावर बोट मोकळं फिरतंय, मागं रेटून बघितलं, निघाला नाही. पट्ट्यांची उरलेली टोकं लोंबतात, कापू का?

बॅगशिलाई_अशोकचौक
कापू नका ताई, वजन कमी-जास्त झालं तर लागतील. गुंडाळी करून रबरी कडीत बसवा. आणि आत्ताच्या जागी पट्टीवर पेनानं खूण करून ठेवा. पट्टी कमी-जास्त करायची अडकवणी रोज केसभर सरकत असते, महिन्याभरात दोन सेंटीमीटर सैल होते आणि कळतही नाही. खूण हलली की लगेच दिसेल.