मदत हवी आहे: इंग्लिश लिहिताना प्रिपोझिशन नेमकं निवडायचं कसं?

नमस्कार मंडळी. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि आता कामात दिवसभर इंग्लिश मेल, रिपोर्ट लिहावे लागतात. वाचायला अडत नाही, काळबिळही बऱ्यापैकी जमतात, पण प्रिपोझिशन आलं की हात थांबतो.

गेल्या आठवड्यातलंच सांगते. एका टीमला कळवायचं होतं की शुक्रवारपर्यंत आकडे पाठवा, तर मी लिहिलं 'प्लीज सेंड द फिगर्स अन्टिल फ्रायडे'. त्यांना वाटलं शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहायचंय, आणि बिचारे रोज एक फाइल पाठवत बसले. तिसऱ्या फाइलला मी फोन केला तेव्हा कुठे उलगडा झाला. तिथे 'बाय फ्रायडे' हवं होतं. आपल्याकडे 'शुक्रवारपर्यंत पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' दोन्हीकडे पर्यंतच, पण इंग्लिशमध्ये एकदा करून संपणारं काम असेल तर बाय, आणि तोवर चालू राहणारं असेल तर अन्टिल. एवढं आता पक्कं झालंय.

पण मग मी जुने मेल काढून बघितले तर बहुतेक चुका याच जातीच्या, म्हणजे डोक्यात आधी मराठी वाक्य येतं आणि मग मी त्यातल्या प्रत्ययाला एक इंग्लिश शब्द चिकटवते. आपला 'ने' घ्या, पेनाने लिहिलं तर विथ अ पेन, बसने गेले तर बाय बस. 'शी' घ्या, त्याच्याशी सहमत म्हणजे अॅग्री विथ, पण त्याच्याशी लग्न झालं तर मॅरीड टु, मी कित्येक वर्षं मॅरीड विथ लिहीत होते. 'माझ्यावर रागावला' म्हणून अँग्री ऑन मी लिहिलेलंही सापडलं, ते अँग्री विथ मी हवं. 'दोन वर्षांपासून' चं मी सिन्स टू इयर्स करायचे, ते फॉर टू इयर्स, सिन्स फक्त जिथून सुरुवात झाली त्या वेळेला, सिन्स 2019 असं.

वेळेचे नियम माहितीयत, अॅट फाइव्ह, ऑन मंडे, इन जून. पण इन द मॉर्निंग म्हणायचं तर अॅट नाइट का, आणि त्याच सकाळीला वार जोडला की ऑन मंडे मॉर्निंग कसं होतं?

सगळ्यात जास्त त्रास जिथे काहीच नको तिथे होतो. 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट' चूक, पण 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर. रिक्वेस्टचंही तेच, क्रियापद असेल तर फॉर नको, नाम असेल तर फॉर हवं. याच्यामागे काही तर्क आहे की सरळ पाठच करायचं? मराठी अर्थ देणाऱ्या कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, पुढे काय लावायचं ते मिळत नाही. कृपया सांगा.

प्रतिसाद:
डिस्कसचं कारण मराठीतच आहे. आपण 'चर्चा' हे नाम घेतो आणि 'करणे' जोडतो, त्यामुळे 'बजेटबद्दल' म्हणावंच लागतं. विनंती करणे, प्रवेश करणे, संपर्क करणे, भर देणे, सगळी हीच घडण. इंग्लिशमध्ये ते अख्खं काम एकटं क्रियापद करतं म्हणून कर्म थेट पुढे येतं, एन्टर द रूम, काँटॅक्ट द क्लायंट, एम्फसाइझ द पॉइंट. त्याचं नाम केलं की प्रिपोझिशन परत येतं, काँटॅक्ट विथ, एम्फसिस ऑन. त्यामुळे डोक्यात 'करणे' किंवा 'देणे' वालं क्रियापद आलं की तिथे एकदा थांबा. मात्र सगळीकडे हे लागू होत नाही, तक्रार करणे म्हणजे कम्प्लेन अबाउटच.

बाकी मॅरीड टु, डिपेंड ऑन, इंटरेस्टेड इन या जोड्याच आहेत, तर्क शोधत बसू नका, जोडी म्हणूनच वहीत लिहा आणि सोबत स्वतःच्या मेलमधलं एक वाक्य लिहा. अॅट नाइटसुद्धा तसंच धरा. मंडे मॉर्निंगला मात्र नियम आहे, ठरावीक वार किंवा तारीख आली की ऑन. आणि कोश बदला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे इंग्लिश-इंग्लिश कोश नेटवर फुकट आहेत, त्यात उदाहरणाच्या आधी प्रिपोझिशन ठळक छापलेलं असतं. हे कोश मुळात आपल्यासारख्यांसाठीच सुरू झाले, ऑक्सफर्डच्या अशा कोशाचे मूळ कर्ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला होता.

काही ठिकाणी दोन्ही चालतं हेही लक्षात असू द्या, ब्रिटिश अॅट द वीकेंड म्हणतात, अमेरिकन ऑन द वीकेंड.

धागालेखिका:
खूप खूप आभार, 'करणे' चं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं! काल परत तीच चूक केली होती, 'एम्फसाइझ ऑन', आत्ता जाऊन सुधारली. एकच शेवटचं, मेलच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टु मीट यू' लिहायचं की 'टु मीटिंग यू'?

प्रतिसाद:
टु मीटिंग यू. टु च्या पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टु द ट्रिप' चालतं, म्हणजे तो टु प्रिपोझिशन आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावूनच येणार. 'वॉन्ट टु द ट्रिप' चालत नाही, म्हणून तिथे वॉन्ट टु मीट.