सिस्टर कोरिटाला नक्कल म्हणण्याआधी तारखा बघा

शाईकाम: काल इथे कोणीतरी लिहिलं, 'कोरिटा केंट म्हणजे वॉरहॉलची धार्मिक नक्कल, आणि छपाई तर विद्यार्थिनींनीच केली.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. कोरिटा म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॉलेजात कला शिकवणारी कॅथलिक नन आणि चित्रकार; वॉरहॉल म्हणजे पॉप आर्टचा अमेरिकन चित्रकार. वॉरहॉलचे कॅनव्हासवरचे सूपचे डबे लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागले जुलै 1962 मध्ये, आणि ते हाताने रंगवलेले होते. स्क्रीन प्रिंटिंगकडे, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याकडे, तो त्यानंतर वळला. कोरिटाच्या स्क्रीन प्रिंटला लॉस एंजेलिस काउंटी म्युझियमच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं 1952 ला!

मोकळा समास: तंत्र आधीचं, मान्य. पण तेव्हाची चित्रं कसली? बायबलमधली माणसं, रंगांचे थरावर थर. ब्रेडच्या वेष्टनावरचे ठिपके तिच्या कामात आले ते डबे बघितल्यावरच. हे का गाळता?

शाईकाम: डबे बघून तिला वाट दिसली, एवढं मान्य करतो. पुढचं सगळं तिचं. जाहिरातीचं पान चुरगळायचं, दुमडायचं, त्याचा फोटो काढायचा आणि वाकलेली अक्षरं उतरवून स्टेन्सिल करायचं. म्हणून तिची अक्षरं वळतात, कडेला घसरतात. वॉरहॉलकडे हे दाखवा.

जुनी जाळी: विद्यार्थिनींचा मुद्दा काढणाऱ्यांनी कधी स्क्वीजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी) हातात धरली आहे का? तीन रंग म्हणजे प्रत्येक कागद तीनदा स्क्रीनखाली. मध्ये हवा दमट झाली की कागद फुगतो, रजिस्टर (रंगांची एकमेकांशी जुळणी) हलतं, दोन रंगांत पांढरी फट दिसते. हात थांबला की शाई जाळीत वाळते आणि बारीक अक्षरं बुजतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने कागद उचलायचा, तिसऱ्याने वाळत घालायचा. वर्षभर शिकवून तिच्या हाती उरायचे ऑगस्टमधले थोडे आठवडे. एकटीने छापणार कशी?

मोकळा समास: मग सही एकटीचीच का?

जुनी जाळी: रंग आणि मजकूर कोणी ठरवला, त्याची सही. मुद्राचित्रांत सगळीकडे हेच चालतं. आणि गरिबीचं व्रत घेतलेल्या बाईने विद्यार्थिनींच्या जिवावर पैसा केला म्हणणं निव्वळ अन्याय आहे.

खिडकी: शिकवण्याबद्दल कोणी बोलतच नाही! पुठ्ठ्याला छोटं चौकोनी भोक पाडायचं, एक डोळा मिटून त्यातून रस्त्यावरची पाटी बघायची. अर्थ गळतो, आकार उरतो. तिची अक्षरं त्याच भोकातून आली आहेत. आणि लॉस एंजेलिसचे आर्चबिशप कार्डिनल मॅकइंटायर कसे विसरता? 1964 मध्ये पवित्र मरियेला 'सगळ्यांत रसदार टोमॅटो' म्हणणारी प्रिंट काढली, त्यावरून केवढं वादळ! 1968 ला तिने नन्सचा संघ सोडला, त्याला असा दबावही कारण होता.

मोकळा समास: कार्डिनलचा इथे काय संबंध? 'नक्कल' शब्द सोडून द्या, मलाही तो पटलेला नाही. पण 1962 च्या आधीची आणि नंतरची कोरिटा वेगळी आहे, यावर मी ठाम आहे.

शाईकाम: वेगळी आहेच. त्यातलं किती वॉरहॉलमुळे आणि किती त्या चुरगळलेल्या पानांमुळे, एवढंच सांगा.